तळ्यात चांदी ओतायची का?

काल रात्री इंदापूरच्या स्टँडमागे, आमच्या नेहमीच्या पारावर बाळूने पिशवीतून लिटरची बाटली काढली आणि मधोमध ठेवली. "आज ह्याचा निकाल लावा. उद्या सकाळी तळ्यात ओतायचीय."

बाटलीवर 'नॅनो सिल्व्हर', त्याखाली '५००० पीपीएम' आणि उडी मारणारा मासा. बस्स. बाळूच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ आहेत. पंधरवड्यापासून रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठतायत, रोज पाच-सहा मासे मरून वर येतात. दारात आलेल्या विक्रेत्याने सांगितलं, महिन्याला एक बाटली टाका, रोगजंतू औषधालाही उरणार नाहीत.

नानांना यात काहीच वावगं दिसेना. "चांदीच हाय की! लेकरांना चांदीच्या वाटीतनं भरवतो आपण. माशाला कशी बाधंल?"

"नाना, वाटीतली चांदी एकसंध असते, हिचा पार भुगा झालाय," मी म्हणालो. तोळाभर चांदी म्हणजे साधारण एक सेंटिमीटरचा ठोकळा. बाहेरून त्याला पाणी लागतं ते ६ चौरस सेंटिमीटरला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापत गेलं, तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर.

"सहा गुंठे!" बाळू पटकन बोलून गेला.

सहा गुंठेच. आणि तेवढ्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पाण्यात सुटत राहतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात क्षार जास्त, भोवतालच्या पाण्यात कमी. म्हणून तो जन्मभर कल्ल्यांवाटे पाण्यातलं सोडियम आत ओढत असतो. चांदीचा आयन नेमका त्या ओढणाऱ्या पंपाला जाऊन अडतो. सोडियम आत येणं थांबतं, अंगातलं बाहेर झिरपत राहतं, आणि मासा भरल्या पाण्यात खंगतो. समुद्रात क्लोराईड भरपूर, ते चांदीला धरून ठेवतं, म्हणून तिथे हा त्रास बराच कमी. आपलं तळं गोड्या पाण्याचं.

सचिनचं कृषी सेवा केंद्र आहे, तो गप्प बसणार नव्हताच. "नॅनो म्हटलं की तुम्ही बिथरता. २००४ साली अमेरिकेत ईव्हा ओबरडॉर्स्टर या संशोधक बाईंनी फुलरीनच्या, म्हणजे कार्बनच्या पोकळ नॅनो गोळ्यांच्या, पाण्यात बास मासे ठेवले. ४८ तासांत मेंदूतल्या स्निग्ध पदार्थांना इजा झाली म्हणून जगभर बोंब. पुढे काय निघालं? दोष द्रावकाचा!"

त्याचं बरोबर होतं आणि मी ते तिथेच कबूल केलं. २००७ मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांवर पुन्हा तपासलं तेव्हा विषबाधेचं मूळ फुलरीन विरघळवायला वापरलेल्या टेट्राहायड्रोफ्युरानपासून तयार झालेल्या पदार्थांत सापडलं. सचिनने पुढचा पत्ता टाकला, "आणि आपल्या बारामतीजवळच्या माळेगावच्या संशोधन संस्थेत माशांच्या खाद्यात नॅनो सेलेनियम घालतातच ना? उष्णतेचा, शिशाचा ताण कमी होतो म्हणतात."

"घालतात. पण मिलिग्रॅममध्ये मोजून, खाद्यात मिसळून, आणि माशाचं रक्त-यकृत तपासून. सेलेनियम थोडं का होईना, माशाला लागतं. चांदीचं त्याच्या शरीरात कामच काय?" नॅनो हा आकार आहे रे, तो काही एक पदार्थ नव्हे. सेलेनियमच्या पुण्याईवर चांदी कशी खपवायची?

वैशालीची माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा आहे. ती एवढा वेळ मोबाईलवर आकडे मांडत होती. "बाळू, तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं ना? उतार धरून भरलं तर जवळपास २२ लाख लिटर. आत्ता २० धर. ५००० पीपीएमच्या एका लिटरमध्ये ५ ग्रॅम चांदी. म्हणजे लिटरमागे अडीच मायक्रोग्रॅम, ग्रॅमचे अडीच दशलक्षांश."

सचिन हसला. "अडीच मायक्रोग्रॅम! एवढ्याशानं काय होतंय?"

इथे माझा आवाज चढला. कॅनडात, ऑन्टारिओच्या जंगलात, फक्त प्रयोगांसाठी राखलेली तळी आहेत. त्यातल्या २२२ क्रमांकाच्या तळ्यात २०१४ आणि २०१५ च्या उन्हाळ्यात मुद्दाम नॅनो चांदी सोडली. पाण्यातलं प्रमाण लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच होतं, याच घरातलं. पर्च माशांच्या यकृतात, कल्ल्यांत चांदी साठली. त्यांना खाणाऱ्या पाईकच्या यकृतातही ती पोचली आणि सोडणं थांबवल्यावरही तिथे टिकून राहिली. पर्चची संख्या घटली. एका दिवसात मेलेल्या माशांचा खच पडला नव्हता. तळं हळूहळू रोडावलं.

"आणि तुझी बाटली दर महिन्याला आहे," वैशाली म्हणाली. "चांदी कुजत नाही. तळ्याला प्लास्टिकचा कागद टाकलाय, खाली मुरायचा प्रश्न नाही. उन्हानं पाणी आटतं, चांदी मागे राहते. चार बाटल्यांत दहा मायक्रोग्रॅम, पाणी निम्मं झालं की वीस."

सचिनचा शेवटचा मुद्दा मात्र वजनदार होता. देवघरातली भांडी काळी पडतात, तसा चांदीवर गंधकाचा थर चढतो आणि तिचा विषारीपणा खूपच उतरतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नॅनो चांदीचं बहुतांशी हेच होतं, ती गाळात बसते. नदीतला कुजकट सेंद्रिय अंशही कणांना लपेटून त्यांची धार बोथट करतो. हे सगळं खरं. पण बाळूचं पाणी बोअरचं, निवळ, वर रात्रभर पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर. तळ्यात गंधकाचा थर चढायला प्राणवायू नसलेला काळा गाळ लागतो, तो तिथे आहे कुठे?

मला खरी धास्ती वेगळीच आहे. बाटली 'रोगजंतू' मारते म्हणे. पण माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्रेट करणारेही जंतूच, आणि त्यांनाही चांदी सोसत नाही. पाण्यात तुरुतुरु उड्या मारणारा, टाचणीच्या डोक्याएवढा डॅफ्निया तर माशाच्या कितीतरी आधी जातो, आणि कटला जगतो अशाच जिवांवर. बुरशी-जंतू मारायला गेलो आणि तळ्याचं पोटच मारून बसलो, असं व्हायचं.

बाळू बराच वेळ बाटली उलटसुलट करून बघत होता. "कण केवढे, वरनं कसला लेप दिलाय, माशावर तपासलंय का, कायच लिहिलं नाही ह्याच्यावर." सचिनने विक्रेत्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि हेच तीन प्रश्न विचारले. "साहेबांना विचारून सांगतो," एवढंच उत्तर आलं. सचिनने फोन खिशात टाकला. "ही बाटली माझ्या दुकानात येणार नाही," तो म्हणाला.

"मग मासं तसंच मरू द्यायचं का?" नानांनी विचारलं. सगळ्यात योग्य प्रश्न तोच होता.

वैशालीने उलट बाळूलाच विचारलं, "बोटुकली, माशाची पिल्लं, किती सोडली होतीस?" आकडा ऐकून तिने कपाळावर हात मारला. एवढ्याशा पाण्यात दुप्पट गर्दी. "आधी अमोनिया बघू. उद्या उजाडायच्या आत, मासे वर येऊन तोंडं उघडतात तेव्हाचं पाणी आण."

"उद्या कशाला?" बाळूने गाडीला किक मारली होती. वैशालीने पिशवीतली रिकामी नमुन्याची बाटली माझ्या हातात दिली, मी मागे बसलो.