व्होल्टा सरोवर नैसर्गिक नाही

घाना या पश्चिम आफ्रिकेतील किनारी देशाचे व्होल्टा सरोवर हे तेथील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असल्याचे विधान स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून फिरत आहे. ते चुकीचे आहे. अकोसोंबो येथे डोंगररांगेतून वाट काढणाऱ्या व्होल्टा नदीच्या घळीवर 1961 ते 1965 या काळात धरण बांधले गेले आणि त्यामागे पाणी तुंबून हा सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. नकाशात एकसंध दिसणाऱ्या या पाण्याखाली काळी व्होल्टा आणि पांढरी व्होल्टा या नद्यांचा मूळ संगम बुडालेला आहे, तसेच सुमारे 80,000 लोकांना आपली गावे सोडावी लागली. त्यामुळे त्याला नैसर्गिक म्हणणे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही, त्या माणसांचे विस्थापनच त्यातून पुसले जाते.

‘जगातील सर्वांत मोठे मानवनिर्मित सरोवर’ हे वर्णनही पृष्ठभागाच्या क्षेत्रफळापुरतेच खरे आहे. पाण्याच्या साठवणक्षमतेत झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील करिबा जलाशय त्याच्या पुढे आहे.

घानातील खऱ्या नैसर्गिक सरोवराचे नाव सांगायचे असेल, तर कुमासी शहराच्या आग्नेयेस असलेले बोसुमत्वी सांगावे. सुमारे 10 लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून पडलेल्या साधारण 10.5 किलोमीटर व्यासाच्या विवरात ते साठले आहे. आपल्या लोणार सरोवराचा उगमही असाच उल्काघातातून झाला असल्याने मराठी वाचकांना ते सहज लक्षात राहील.