राजापूर गेलं, फिन्सबरी उरलं

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरून जुंपली. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर लोकसभेच्या जागांची नवी वाटणी व्हायची आहे आणि ज्यांची लोकसंख्या कमी वाढली त्यांच्या जागांचं काय, ही दक्षिणेतल्या राज्यांची काळजी आमच्याकडेही पोचली आहे. नालासोपाऱ्याच्या चुलतभावाने लिहिलं, "माणसं कमी तर खासदार कमी. त्यात रडायचं काय? आपला राजापूर गेलाच ना, काय बिघडलं?"

मी लंडनमध्ये राहतो, त्यामुळे मी बोललो की "तुला काय, तू तिकडे" हे ठरलेलं. तरीही दादाला उत्तर द्यायचं आहे, आणि ते ग्रुपवर मावणार नाही.

राजापूर लोकसभा मतदारसंघ 1957 च्या निवडणुकीत होता, 2004 च्या निवडणुकीतही होता. पुनर्रचनेनंतर, 2009 ला नव्हता. त्या पन्नासेक वर्षांत त्याने काय माणसं दिली ते बघा. 1957, 1962, 1967 असं तीनदा बॅरिस्टर नाथ पै. ते गेले जानेवारी 1971 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीपासून पुढे सलग पाच वेळा मधु दंडवते. म्हणजे 1991 पर्यंत, सत्तेवर कोणीही असो, आमच्या लाल मातीने समाजवादी खासदार पाठवला. मग एकदा काँग्रेसचे सुधीर सावंत, आणि 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. दंडवते 1977 ला रेल्वेमंत्री झाले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. पुढे 2014 मध्ये प्रभूही रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते राज्यसभेतून गेले होते. राजापूर उरलंच नव्हतं.

माझे वडील शाळकरी असताना राजापूरच्या जवाहर चौकात नाथ पैंची सभा ऐकायला सात मैल चालत गेले होते. दरवर्षी पावसाळ्यात अर्जुना नदी ज्या चौकात शिरते, तोच हा चौक. भाषणातलं एक वाक्यही त्यांना धड आठवत नसे. आठवायचं एवढंच, की सभा संपल्यावर बॅरिस्टरांनी घोळक्यातल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या वाडीच्या नावाने हाक मारली होती. वडील हे सांगताना दरवेळी हात वर करून दाखवायचे, तशीच हाक, तसाच हात.

आता माझ्या इथल्या मतदारसंघाचं सांगतो. मी राहतो तो भाग एकेकाळी 'फिन्सबरी सेंट्रल' नावाच्या मतदारसंघात होता. आधी फिन्सबरी हा दोन खासदारांचा मोठा मतदारसंघ होता. 1885 मध्ये त्याचे तुकडे झाले आणि एकेका तुकड्याला एकेक खासदार आला. क्लार्कनवेलच्या घड्याळजींचा, सोनारकाम करणाऱ्यांचा हा भाग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालत जाता येतं. इथूनच 1892 मध्ये दादाभाई नौरोजी निवडून आले. त्यांना मतं 2961, विरोधी पेंटन यांना 2956. पाच मतांचा फरक! "काळ्या माणसाला" इंग्लिश मतदारसंघ निवडून देईल असं वाटत नाही, असं सॅल्सबरी पंतप्रधान असताना 1888 मध्ये जाहीर सभेत बोलले होते. क्लार्कनवेलच्या कारागिरांनी ते चार वर्षांत खोटं ठरवलं. दादाभाई 1895 ला हरले, पण मधल्या तीन वर्षांत हिंदुस्थानची लूट कशी चालते हे त्यांनी खुद्द पार्लमेंटात उभं राहून सांगितलं. आजही जवळच नौरोजी स्ट्रीट आहे आणि फिन्सबरीच्या जुन्या टाउन हॉलवर त्यांच्या नावाची पाटी आहे. मी तिथून जाताना थांबतो. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारा माणूस इथल्या पाच मतांवर उभा होता, हे मला दरवेळी नवंच वाटतं.

फिन्सबरी सेंट्रल 1918 मध्ये रद्द झाला. फिन्सबरीचा एकच मतदारसंघ राहिला. लंडनच्या पोटातली माणसं उपनगरांत जात राहिली, तसा 1950 ला तो शोरडिचला जोडला गेला, 1974 ला इस्लिंग्टनला. कारण आमच्यासारखंच, माणसं कमी झाली. पण आज माझ्या मतपत्रिकेवर 'इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी' असं लिहिलेलं असतं. नाव सोडलेलं नाही.

राजापूरचं नाव लोकसभेच्या यादीतून पुसलं गेलं. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, दोनशे किलोमीटरहून लांब असा रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. दापोली आणि गुहागर रायगडला गेले. विधानसभेला राजापूर अजून आहे, मालवण तर तिथूनही गेलं.

दादाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. 2004 मध्ये ठाणे हा देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता, आणि तिथल्या माणसाच्या मताला आमच्या मताएवढीच किंमत हवी. ठाणे जिल्ह्याच्या जागा दोनाच्या चार झाल्या, हे न्यायाचंच झालं. शिवाय तिथे भरलेली माणसं आमचीच आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16 लाख 97 हजार होती, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. ही माणसं गेली कुठे, ते गणपतीच्या आदल्या रात्री दादर-सावंतवाडीच्या जनरल डब्यात बघावं.

पण दादा नालासोपाऱ्यात मत देतो ते तिथल्या पाण्यावर आणि तिथल्या लोकलवर. द्यायलाच हवं. नाणारला की बारसूला रिफायनरी, हा प्रश्न आला तेव्हा त्याच्या खासदाराला त्याचं काही पडलेलं नव्हतं. पाठीमागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आधी मुलगे सोडून गेले, मग खासदारही लांब गेला. मुलगे गेले म्हणून खासदार लांब गेला, हे मला सर्वांत जास्त लागतं, कारण त्या गेलेल्यांत मीही आहे.

इथे यावर थोडा विचार झालेला दिसतो. इंग्लंडमधला मतदारसंघ साधारण 73 हजार मतदारांचा, पाच टक्के इकडे तिकडे. आपल्याकडे सरासरी 18 लाखांच्या आसपास. एवढ्या लोकांना वाडीच्या नावाने हाक कोण मारणार? आणि इतका काटेकोर नियम असूनही पाच जागा त्यातून वगळल्या आहेत, कारण तो मुलूख बेटांचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांना जेमतेम एकवीस हजार मतदारांवर स्वतःचा खासदार मिळतो. मापात डोक्यांबरोबर समुद्रही धरला आहे. आपल्या पुनर्रचना आयोगालाही डोंगर, खाड्या, दळणवळण विचारात घ्यायचं असतं, कायद्यात तसं आहे. पण घाटाखालच्या एका टोकाच्या वाडीतून खासदाराच्या कचेरीपर्यंत दिवस मोडतो, हे त्या मोजमापात पुरेसं उतरलं नाही, असं माझं ठाम मत आहे. जागा वाढणारच असतील तर आधी अशा मुलखांचे मतदारसंघ लहान करा. राज्याराज्यांत वाटणी करतानाही, ज्यांनी कुटुंब लहान ठेवलं किंवा ज्यांची माणसं पोटासाठी बाहेर गेली, त्यांना शिक्षा होता कामा नये.

4 जुलै 2024 ला मी भारतीय पासपोर्ट दाखवून इथे मत दिलं. राष्ट्रकुलातल्या नागरिकाला इथे तो हक्क आहे. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती, तिने फुली मारली. गावच्या यादीतही परदेशस्थ म्हणून नाव घालता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. ते मला अजून जमलेलं नाही.

दादा, गेल्या वेळीही आयोगाने मसुदा काढून हरकती मागवल्या होत्या. आपल्या वाडीतून एकही गेली नाही. या वेळी सुनावणीला कोण जाणार ते गणपतीत मी आलो की बसून ठरवू. अर्ज मी लिहायला घेतला आहे, तू सह्यांचं बघ.