एनसीसीत मारायचा हक्क कुणालाच नाही

भर पावसात चिखलात डोकं टेकवून ओणवी झालेली मुलं आणि मागून काठीचे फटके. ऑगस्ट 2023 मधला ठाण्याच्या एका कॉलेजातला हा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. या वेळी त्याच्याखाली मोठ्या अभिमानाने लिहिलंय: "एनसीसीत मार खाल्ल्याशिवाय शिस्त लागत नाही. फौजेतही हेच चालतं. पालकांनी फॉर्मवर सही केली की तक्रारीचा हक्क संपला. सी सर्टिफिकेट मिळालं की थेट अधिकारी. युद्ध झालं तर कॅडेटला सीमेवर जावंच लागतं. नाजूक मुलांनी येऊ नये."

नाशिकच्या जेल रोडला राहणाऱ्या माझ्या ताईला हा मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिचा मुलगा आठवीत आहे, यंदाच ज्युनिअर डिव्हिजनला, म्हणजे शाळेतल्या एनसीसीला लागलाय. तिने त्याला बसवून सांगितलं, "कुणी मारलं तर सहन कर, आपण सही केलीय." हे कळल्यावर मला गप्प बसवेना. मी सी सर्टिफिकेटपर्यंत, म्हणजे कॉलेजातल्या शेवटच्या परीक्षेपर्यंत एनसीसी केली आहे, आणि त्या खाकीच्या नावावर हे खपवलं जावं याचा मला संताप येतो.

आधी "फौजेतही हेच चालतं" हे घेऊ, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर. आपल्याकडे फौजेचं नाव घेतलं की माणूस पुढे प्रश्न विचारत नाही. म्हणून फौजेचा कायदाच बघा. आर्मी अ‍ॅक्ट 1950, कलम 47. अधिकारी असो, जेसीओ (सुभेदारासारखा कनिष्ठ अधिकारी) असो की हवालदार, त्याने आपल्या हाताखालच्या माणसावर हात टाकला किंवा त्याला छळलं, तर कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पगारी, प्रशिक्षित, प्रौढ जवानाला मारणं हा जिथे गुन्हा आहे, तिथे तेरा वर्षांच्या पोराला काठीने बडवण्याची परवानगी कुठून आली? आणि ठाण्यात मारणारा कोण होता? लष्करातला कुणी नव्हता. तोही विद्यार्थीच, सीनिअर कॅडेट. कॉलेजने त्याच्यावर कारवाई जाहीर केली. व्हिडिओ पुढे ढकलताना एवढी गोष्ट मात्र गाळली जाते.

या मजकुराचं समर्थन करताना ग्रुपवरच्या एका काकांनी "हसतमुखाने आज्ञा पाळा" हा एनसीसीचा नियम पुढे केला. नियम खरा आहे. पण असे नियम चार आहेत, आणि ते चारही प्रत्येक कॅडेटकडून पाठ करून घेतात. हसतमुखाने आज्ञा पाळा, वेळ पाळा, कुरकुर न करता कष्ट करा, आणि चौथा: सबबी सांगू नका, खोटं बोलू नका. मारणारे सीनिअर पुढे काय सांगतात ते आपल्याला ठाऊक आहे. "घरी विचारलं तर पडलो म्हणून सांग." म्हणजे मुलाला आईशी खोटं बोलायला लावायचं. ज्या युनिटमध्ये हे चालतं तिथे बेशिस्त सीनिअरची आहे, आणि एनसीसीच्याच नियमाने आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. एनसीसी आरामाची नाही. फॉल-इनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला उशीर झाला की ग्राउंडला चक्कर पडते, टर्नआउट (गणवेशाची टापटीप) ढिसाळ असला की सगळ्यांसमोर बोलणी बसतात, फ्रंट रोल म्हणजे कोलांट्याही माराव्या लागतात. केस बारीक, बूट चकचकीत, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. हे सोसायची तयारी हवी, आणि त्याबद्दल पालकांनी लगेच शाळेत धाव घेऊ नये, हेही खरं. पण दमवणं वेगळं आणि मारणं वेगळं. पीआय स्टाफच्या (लष्कराकडून आलेल्या प्रशिक्षकांच्या) नजरेसमोर मैदानावर घातलेली चक्कर आणि कोपऱ्यात नेऊन घातलेले फटके यांना एकाच नावाने ओळखायला मी तयार नाही.

युद्धावर पाठवतात हे साफ खोटं. 1948 च्या एनसीसी कायद्यातच लिहिलंय की कॅडेट झाल्यामुळे लष्करी सेवेचं कोणतंही बंधन येत नाही. थेट अधिकारी हे अर्धं खरं. किमान बी ग्रेडचं सी सर्टिफिकेट आणि पदवीला 50 टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीत, म्हणजे लष्करी अधिकारी भरतीच्या एका मार्गात, लेखी परीक्षा माफ होते. एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत आणि चाचण्या) आणि मेडिकल कुणालाच माफ नाही.

राहिली सही. ती प्रशिक्षणाला आणि कॅम्पला दिलेली संमती असते. मुलाला मारायची संमती कोणताही फॉर्म घेऊ शकत नाही, कारण ती द्यायचा हक्क आईबापांनाही नाही. उलट महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. शिक्षणसंस्थेत एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला इजा केली, धमकावलं, लाज वाटेल असं काही करायला लावलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं.

ताईला मी सांगितलंय: तसं काही घडलं तर आधी एएनओ सरांना, म्हणजे शाळेत एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांना भेट. मग लेखी अर्ज, एक मुख्याध्यापकांना आणि एक एनसीसी बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरला (प्रमुखाला). दोन्हींवर तारखेसह पोच घे. आणि पोराला आज संध्याकाळीच सांग की कुणी हात उचलला तर घरी येऊन पहिलं तेच सांगायचं.