दृष्ट आणि दर

"भारत जिंकेल का?" या प्रश्नाला आमच्या घरात पूर्वी "बघू" असं उत्तर मिळायचं. हल्ली "सहा चाळीस" असं मिळतं.

ही माझ्या भाच्याची कृपा. इंजिनिअरिंगला म्हणून तो कोथरूडला आमच्याकडे राहायला आला, आणि येताना प्रेडिक्शन मार्केट घेऊन आला. फोनवर प्रश्न यायचा, 'आज भारताच्या मुली जिंकतील का?' मग 'हो' विकत घ्या नाहीतर 'नाही' घ्या. दोन्हींचे दर मिळून दहा रुपये. निकाल लागला की बरोबर असलेल्याला पूर्ण दहा, चुकलेल्याला भोपळा. म्हणजे 'हो' 6.40 ला असेल तर बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता 64 टक्के. विकेट पडली की दर उतरतो, चौकार गेला की चढतो.

"मामा, बाजार म्हणजे हजारो शहाण्या लोकांचं एकत्र डोकं," असं तो मला समजवायचा. पुराव्यादाखल गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्टही सांगायचा. 1906 साली प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचं वजन ओळखण्याची स्पर्धा होती. गाल्टनने 787 चिठ्ठ्या तपासल्या. त्यांतला मधोमधचा अंदाज निघाला 1,207 पौंड आणि खरं वजन 1,198! ऐकायला छानच आहे. पण बैलाला दृष्ट लागेल म्हणून मुद्दाम कमी वजन लिहिणाऱ्या काकू त्या 787 जणांत नव्हत्या. आमच्या सोसायटीत आहेत.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि भाच्याचं ॲप थंडावलं. मला वाटलं, सुटलो. पण महिन्याभराने महिलांचा विश्वचषक सुरू झाला आणि हा पठ्ठ्या क्लबहाउसमधला पांढरा फळा उचलून आमच्या हॉलमध्ये घेऊन आला. टीव्ही आमचा मोठा, त्यामुळे शेअर बाजारही आमच्याकडेच.

आता पैसे नाहीत तर लावायचं काय? बी विंगमध्ये निवृत्त सेक्शन ऑफिसर काका राहतात. त्यांनी कायद्याची प्रत छापून आणली आणि चष्मा पुसून जाहीर केलं, की नुसते पैसेच नव्हे, तर पैशांच्या बरोबरीचं टोकन, कूपन, काहीही चालायचं नाही. कुणी बाकरवडी सुचवली. "बाकरवडीला बाजारभाव आहे," म्हणून तीही फेटाळली. शेवटी पुण्यात पैशाहून मौल्यवान आणि पैशात मुळीच न बदलता येणारी अशी एकच वस्तू सापडली. हरणाऱ्याने सोसायटीच्या सूचना फलकावर लिहून द्यायचं, 'अमुक यांचं म्हणणं बरोबर होतं', खाली सही आणि तारीख. हा ठराव झाल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली, ती मी गृहकर्जाच्या कागदांवर सही करतानाही अनुभवली नव्हती.

सुरुवातीला बाजार चालेचना. प्रत्येकाला 'हो'च हवं. पलीकडून 'नाही' घेणारा भेटल्याशिवाय व्यवहार होत नाही, आणि भारत हरेल असं चारचौघांत म्हणणार कोण? मग भारत ओळीने तीन सामने हरला, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून. तळमजल्यावरच्या काकूंनी कारण शोधून काढलं. "तुम्ही सगळे 'हो हो' करता, दृष्ट लागते पोरींना. आजपासून मी 'नाही' घेणार." त्यांनी 'नाही' घेतलं आणि न्यूझीलंडविरुद्ध भारत जिंकला. झालं! सोसायटीतल्या यच्चयावत बायका 'नाही'च्या रांगेत. त्यात माझी बायको दुसरी.

उपांत्य सामना 30 ऑक्टोबरला होता, नवी मुंबईत. समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य 339. महिलांच्या वनडेत इतका पाठलाग तोवर कुणी केलेला नव्हता. आधीचा विक्रमही याच ऑस्ट्रेलियाने याच स्पर्धेत आपल्याचविरुद्ध केलेला, 331 चा. आपली सलामीची शेफाली लवकर गेली, मग तिच्या जोडीची स्मृतीही 24 वर. काकूंचं माहेर स्मृतीच्याच सांगलीचं, त्यामुळे स्मृती बाद होणं हा त्यांच्याकडे घरगुती प्रसंग असतो. 'हो'चा दर दोनवर आला, तरी घ्यायला कुणी पुढे येईना. तेव्हा सेक्शन ऑफिसर काका उठले. "रजिस्टरचे दोन्ही रकाने भरलेले हवेत," असं म्हणून समोरचे सगळे 'हो' त्यांनी आपल्या नावावर लिहून घेतले. देशप्रेम वगैरे काही नाही, निव्वळ कार्यालयीन शिस्त.

माझी अडचण वेगळीच होती. फळा टीव्हीच्या टेबलाला असा टेकवलेला, की पडद्याची खालची पट्टी त्यामागे गडप. दर कळत होता, स्कोअर कळत नव्हता. आपल्या जेमिमाने मारलेला चेंडू फळ्यामागे शिरायचा, आणि चौकार गेला की नाही हे मी भाच्याच्या हातातल्या डस्टरवरून ताडायचो.

82 वर जेमिमाचा झेल ऑस्ट्रेलियाच्या हीलीच्या हातून सुटला. "बघा, 'नाही' घेतल्याचा गुण आला!" काकू म्हणाल्या. "अजून दोन दे." बायकोनेही दोन मागितले. तिथून पुढे हॉलमध्ये जे झालं ते अर्थशास्त्राच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात बसणार नाही. जिंकायला लागणाऱ्या धावा कमी होत होत्या आणि त्याबरोबर 'हो'चा दरही खाली जात होता. भाचा रडकुंडीला आला.

"मामी, आपण जिंकत आलोय! दर वर जायला हवा!"

"म्हणून तर घेतेय. लिही गपचूप."

जेमिमा नाबाद 127. अमनजोतने विजयी चौकार मारला तेव्हा नऊ चेंडू शिल्लक होते आणि फळ्यावर भारताची जिंकण्याची शक्यता होती अकरा टक्के.

2 नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शतक करून उभी होती. तिने चेंडू उंच उडवला, अमनजोत खाली आली, चेंडू हातातून उसळला, पुन्हा उसळला. या अधांतरी क्षणात, हॉलमध्ये श्वास घ्यायचीही कुणाची छाती नसताना, काकूंचा आवाज आला, "चार 'नाही'!" आणि तिसऱ्या झटक्यात झेल अमनजोतच्या हातात बसला. यावर कुणाला काय युक्तिवाद करायचाय तो करो, मी काकूंशी वाद घालणार नाही.

भारत 52 धावांनी जिंकला. हरलेल्या यच्चयावत बायका एकमेकींना पेढे भरवत होत्या. भाचा फळ्याखाली बसून हिशेब करत होता, आणि बेरीज पुन्हा पुन्हा एकाच माणसाच्या नावावर येत होती.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर पाणीकपातीच्या नोटिशीलाही जागा उरली नाही. वरपासून खालपर्यंत एकच मजकूर, 'बी विंगमधील काकांचं म्हणणं बरोबर होतं', खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सह्या. काकूंनी तर हौसेने चार-चार लिहिले होते, शेजारी हळदीकुंकवाची बोटं. संध्याकाळी काका खाली उतरले. एकेक कागद नीट वाचला, खिशातून लाल पेन काढलं, आणि ज्या ज्या कागदावर 'म्हणणं'वरचा अनुस्वार राहिला होता तो देऊन, समासात आपली आद्याक्षरं टाकून, ते कागद दुरुस्तीसाठी परत पाठवले.