मिरची नळाखाली धुऊ नका
डिपसाठी भाजलेली लाल ढोबळी मिरची नळाखाली धरून सोला असं या डिपच्या रेसिपीवरच्या एका लेखात म्हटलंय, तेवढं मात्र करू नका. भाजल्याचा सगळा खमंगपणा पाण्याबरोबर वाहून जातो. साल पूर्ण काळी पडली की मिरची लगेच भांड्यात घालून 15 मिनिटं घट्ट झाकून ठेवा. वाफेनं साल सुटते, बोटानं सरकवली की ओल्या कागदासारखी निघते. थोडे काळे ठिपके राहिले तर राहू द्या, खरी चव त्यातच आहे. क्रीमऐवजी मी 3 मिरच्यांना मूठभर भिजवलेले काजू घेते, छान दाटपणा येतो. तिखटासाठी सुक्या लाल मिरच्या, त्याही भिजवूनच. आणि भांड्यात सुटलेला रस कृपया फेकू नका, वाटताना पाण्याऐवजी तोच घाला.