जुना ‘आय-७’, बंद केलेले अपडेट आणि काकूंचे नेटबँकिंग

गेल्या महिन्यात कराडला काकूंकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यांनी नुकताच घेतलेला लॅपटॉप ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी, चष्म्याच्या डबीखाली, एक वहीचा कागद होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक संदेश काकूंनी त्या कागदावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात मुद्द्यांसह उतरवून घेतला होता आणि दुकानात जाताना तो बरोबर नेला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाईंनी इतक्या काळजीने पाळलेला सल्ला जवळजवळ ओळीओळीला चुकीचा असावा, याचा मला मनस्वी राग आला. तोच संदेश त्यानंतर मला आणखी तीन गटांत दिसला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

“दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत” अशी त्याची सुरुवात आहे. पुढचा आशय थोडक्यात असा: इंटेलच्या आय-३ प्रोसेसरचा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा पंधरा हजारांत जुना आय-७ घ्या, ताकद दुप्पट मिळते. विंडोज आणि ऑफिस ‘लाइफटाइम’ टाकून मिळते, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. अपडेट आणि अँटीव्हायरस बंद ठेवा, त्यांनीच लॅपटॉप मंद होतो. १६ जीबी रॅमशिवाय (चालू कामापुरती लागणारी स्मृती) लॅपटॉप घेऊ नका. २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान साठवण) म्हणजे फसवणूक, एक टीबीची हार्ड डिस्कच घ्या. चार्जर कोणताही चालतो. आणि शेवटी, स्वस्तातले नवे लॅपटॉप म्हणजे निव्वळ टाकाऊ माल.

पहिला मुद्दा आय-७चा. काकूंच्या लॅपटॉपवर मनगट टेकते त्या जागी आय-७चे कोरे करकरीत स्टिकर होते, तर शेजारच्या टचपॅडची बटणे वापरून वापरून गुळगुळीत झालेली होती. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये पाहिले, तेव्हा प्रोसेसरचे पूर्ण नाव दिसले: कोअर आय-७-३५२०एम. हा २०१२ सालचा प्रोसेसर आहे. त्यात दोन कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत आणि तो ३५ वॅटचा आहे. त्याच्यासमोर ज्याला संदेशात हिणवले आहे तो आय-३ ठेवून पाहा. २०२२ साली आलेल्या आय-३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, त्यांतले दोन जोरकस आणि चार कमी वीज खाणारे, आणि तो १५ वॅटचा आहे. ‘आय-७’ ही त्या त्या वर्षीच्या मालातली प्रत असते. दहा वर्षांपूर्वीच्या वरच्या प्रतीची आजच्या खालच्या प्रतीशी तुलना करताना नुसता तो आकडा पाहून काहीही कळत नाही. पिढी कळते ती त्यानंतरच्या आकड्यांवरून: ३५२० म्हणजे तिसरी, ८२५० म्हणजे आठवी, १२१५ म्हणजे बारावी.

घरच्या वापरात हा फरक कुठे जाणवतो, तर अगदी साध्या ठिकाणी. काकू संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन लावतात. यूट्यूबचे बरेचसे व्हिडिओ आता व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या पद्धतींनी आवळलेले असतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीपी-९ उलगडण्याची पूर्ण अंगभूत सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही-१ची अकराव्या पिढीपासून. तिसऱ्या पिढीच्या यंत्रात ती सोयच नसल्यामुळे ते सगळे काम मुख्य प्रोसेसरला करावे लागते, म्हणून कीर्तन सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच पंखा घोंघावू लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. काकूंना वाटत होते की, आय-७ इतका ताकदवान असल्यामुळे त्याचा आवाज येतो.

आता त्या मुद्द्याकडे वळतो ज्यासाठी हे लिहायला बसलो. “अपडेट आणि अँटीव्हायरस बंद ठेवा.” हे वाक्य ज्याने लिहिले त्याने, आणि ज्यांनी ते विचार न करता पुढे पाठवले त्यांनीही, जरा थांबून ऐकावे. काकूंच्या लॅपटॉपवर मी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडले. तत्काळ संरक्षणाचे बटण बंद होते. त्याखाली ‘एक्स्क्लूजन्स’ नावाची यादी असते. ज्या फोल्डरांची तपासणी करू नये असे आपण सांगतो, त्यांची ही यादी. त्या यादीत एकच नोंद होती: संपूर्ण सी ड्राइव्ह. म्हणजे कुणी पुढे कधी चुकून संरक्षण सुरू केले असते, तरी ते काहीही तपासणार नव्हते. ही नोंद काकूंनी केलेली नव्हती, त्यांना ती यादीच माहीत नव्हती. ‘लाइफटाइम’ विंडोज टाकताना ती झालेली होती, कारण परवाना नसताना तो असल्याचे भासवणारी जी छोटी प्रणाली त्यासाठी चालवतात, तिला विंडोजचे स्वतःचे संरक्षण घातक म्हणून पकडते, आणि म्हणून आधी पहारेकरी झोपवावा लागतो. ती प्रणाली कुणी लिहिली आणि तिच्या पोटात आणखी काय आहे, हे ती टाकणाऱ्या मुलालाही माहीत नसते. आणि या लॅपटॉपवरून काकू दोन आठवडे निवृत्तिवेतनाच्या खात्याचे नेटबँकिंग करत होत्या.

अपडेट म्हणजे सजावट नव्हे. २०१७ सालचे उदाहरण पुरेसे आहे. विंडोजमधील एक गंभीर त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी १४ मार्चला दिले. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली. ज्यांनी मार्चमधले अपडेट घेतले होते, त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. औषध दोन महिने आधी घरपोच आलेले होते आणि लोकांनी ते घेतले नाही, इतकी ही गोष्ट सरळ आहे.

आणि इथेच जुन्या आय-७चा आणि अपडेटचा मुद्दा एकमेकांत गुंततो. विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी नेहमीची अपडेट आणि मदत, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, असे मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केले आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी करून मिळणारी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११साठीच्या अधिकृत अटींमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचे जे प्रोसेसर चालतात त्यांची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ टाकता येते आणि काकूंच्या यंत्रावर ते तसेच टाकलेले होते. मात्र मायक्रोसॉफ्टने याबाबत स्पष्ट लिहून ठेवले आहे की, अटींत न बसणाऱ्या यंत्राला सुरक्षा अपडेटसह कोणतेही अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही. म्हणजे अपडेट बंद ठेवायचा सल्ला आणि अपडेटचा भरवसाच नसलेले यंत्र विकत घ्यायचा सल्ला, हे दोन्ही एकाच संदेशात शेजारी शेजारी आहेत. कंपनीचे हे एक पान कुणीही पाच मिनिटांत वाचू शकतो. त्यापुढे बाकीचा वाद उरत नाही.

अपडेट चालू असताना लॅपटॉप मंद होतो, हा अनुभव खोटा नाही, हे मान्य करतो. पण तो मंद होतो तो मुख्यतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे, आणि नेमकी तीच घ्या म्हणून हा संदेश सांगतो. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, तर साधी साटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या आसपास. शिवाय विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली ठिकठिकाणाहून उचलाव्या लागतात, तिथे हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. घरी सातबारा उतरवून घेणे, लाइट बिल भरणे, नातवाचे फोटो पाहणे आणि मुलीशी व्हिडिओवर बोलणे, एवढ्याला २५६ जीबी सहज पुरते. फोटो फार झाले तर बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी आणि त्यांची एक प्रत तिच्यावर ठेवावी, कारण लॅपटॉप बिघडला तर तेवढीच हाती राहते.

१६ जीबी रॅमबद्दल फार लिहीत नाही. ती मिळाली तर उत्तमच, पण घरच्या वापराला ८ जीबी चालते. तिच्यासाठी एसएसडीचे किंवा पडद्याचे पैसे कापणे चुकीचे आहे. रॅम बोर्डावर पक्की जडवलेली आहे, की पुढे वाढवता येईल अशी जागा आहे, हा प्रश्न विचारा. तो अधिक कामाचा आहे. विंडोजच्या अटींत किमान ४ जीबी रॅम लिहिलेली आहे, म्हणून ४ जीबीचे यंत्र मात्र घेऊ नका. तेवढ्यात विंडोज सुरू होते आणि ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघडल्या की धाप लागते.

‘चार्जर कोणताही चालतो’ हे तर नुसते बेजबाबदार आहे. व्होल्टेज जुळले पाहिजे, वॅट निदान मूळ चार्जरइतके असले पाहिजेत, आणि चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मुद्रा व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, आपल्याकडे लॅपटॉप आणि त्यांचे अ‍ॅडॅप्टर दोन्ही सक्तीच्या नोंदणीखाली येतात. काकूंना मिळालेल्या चार्जरवर कोणतीच मुद्रा नव्हती आणि तो हात लावू नये इतका तापत होता.

आता स्वस्तातले नवे लॅपटॉप टाकाऊ असतात, हा शेवटचा मुद्दा. यात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारणे मला पटणार नाही. सर्वांत खालच्या किमतीला दोन कोअरचा सेलेरॉन एन-४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्त) साठवण असलेली जी नवी यंत्रे विकली गेली, ती खरोखरच घेण्यासारखी नव्हती. विंडोज ११च्या अटींत ६४ जीबी किमान म्हणून लिहिलेले आहे, पण तेवढ्यात विंडोज बसले की मोठ्या अपडेटला जागाच उरत नाही, आणि ती साठवण बोर्डावर जडवलेली असल्यामुळे बदलताही येत नाही. नव्या मालातही आकड्यांची फसगत होते: एएमडी कंपनीच्या रायझन ३-७३२०यू या प्रोसेसरचे नाव ७०००च्या मालिकेतले असले, तरी आतले कोअर २०१९ सालच्या झेन-२ रचनेचे आहेत. अशा नावात तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, तो पाहावा. घरकामाला हा प्रोसेसर चालून जातो, पण नवी रचना म्हणून त्याला जास्त पैसे मोजू नयेत.

जुने यंत्र घेऊच नका, असेही मी म्हणत नाही. कंपन्यांतून भाडेकरार संपून आलेली, मूळची महागडी, मजबूत बिजागरीची आणि चांगल्या कीबोर्डची यंत्रे पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पाहिली, तर त्यांत अनेकदा चांगला सौदा मिळतो. अट एवढीच की प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा, उदाहरणार्थ २०१७ सालचा चार कोअरचा आय-५-८२५०यू. एसएसडी असावी, विंडोजचा परवाना खरा असावा, आणि जीएसटीचे बिल व काही महिन्यांची हमी लेखी मिळावी. ‘लाइफटाइम’ ऑफिसचे आमिष तर सोडूनच द्या. अनेक नव्या लॅपटॉपबरोबर ऑफिसचा परवाना येतोच, आणि नसला तर ऑफिससारखेच काम करणारे लिबरऑफिस फुकट आहे. त्यात मराठी पत्र व्यवस्थित लिहिता येते.

ज्याबद्दल त्या संदेशात अवाक्षर नाही, ते म्हणजे पडदा. सत्तरीच्या माणसाला प्रोसेसरपेक्षा पडदाच आधी जाणवतो. काकूंच्या यंत्राचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा होता. त्यावर मराठी पान उघडले की ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक कळत नव्हता, अनुस्वार शिरोरेषेत मिसळत होता, आणि मान जरा तिरकी केली की सगळे फिकट पडत होते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा आयपीएस (बाजूने पाहिले तरी फिकट न पडणारा) पडदा ही चैन नाही. ज्याला देवनागरी वाचायची आहे, त्याने ती पहिली अट धरावी.

दुकानदाराने माल परत घेतला नाही. “विकलेला माल परत नाही” हे त्याने बिलाच्या मागे छापलेलेच होते, आणि ते बिलही जीएसटीशिवायचे होते. त्या संध्याकाळी आधी काकूंच्या फोनवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोज पूर्ण पुसले आणि त्याच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, जिला या यंत्रावरही सुरक्षा अपडेट नियमित मिळतात. चार्जर बदलला. सातबारा आता निघतो, कीर्तनही चालते, पंखा मात्र अजून घोंघावतो. बँकेचे काम नवा लॅपटॉप येईपर्यंत फोनवरच करायचे ठरले आहे. काकूंनी वहीचा तो कागद फाडला नाही. त्याच्याच मागच्या बाजूला त्यांनी मला विचारून नवी यादी लिहिली, आणि ‘आठवी पिढी’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या.