वेणी त्यालाच घालू द्या

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा 'फादरहूड' या सिनेमावरून वाद झाला. 2021 साली नेटफ्लिक्सवर आलेला, केविन हार्टचा. बाळंतपणानंतर लगेचच बायको जाते आणि बोस्टनमधला हा बाप तान्ह्या लेकीला एकट्यानं वाढवतो. मिरजेच्या काकांनी लिहिलं, "तिकडं चालतंय हे. आपल्यात पोरीला आई लागतेच." खाली चार अंगठे उमटले.

त्या ग्रुपमध्ये माझा मामेभाऊही आहे. दादा. वहिनी गेली तेव्हा त्याची मुलगी अडीच वर्षांची होती. सांगलीच्या मार्केट यार्डात तो एका आडतीवर दिवाणजी आहे. त्यानं त्या दिवशी काहीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

काका, त्या सिनेमातल्या अमेरिकन सासूलाही हेच वाटतं. जावयाला एकट्याला झेपणार नाही, त्यानं नातीला घेऊन आपल्याजवळ मिनेसोटाला यावं, असा तिचा धोसरा. तेव्हा ही समजूत काही आपलीच नाही.

मी स्टॉकहोममध्ये राहते. इथं एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची पालकरजा असते, आणि ताबा एकट्या बापाकडे असेल तर सगळी त्याची. मूल आजारी पडलं तर वर्षाला 120 दिवसांपर्यंत घरी राहून भत्ता मिळतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीतल्या एकल बापाला 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आडतीवरच्या दिवाणजीला काय आहे? हळदीचे सौदे सुरू असताना पोरगी तापली, तर त्या दिवसाचा पगार कापला जातो.

पण इथल्या बापाच्या दाराशी रात्री दोन वाजता कुणी येत नाही, हेही मी पाहिलंय. दादाच्या दाराशी मामी येते, शेजारच्या काकू येतात. हे मला इथं कुठल्याही कायद्यानं मिळणार नाही आणि त्याची किंमत मी जाणते.

माझं भांडण त्या मदतीतल्या एका गोष्टीशी आहे. वहिनीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच दादाला स्थळं येऊ लागली. "पोरीसाठी तरी कर." "नाहीतर आत्याकडे ठेव इस्लामपूरला, तू सुटशील." सुटशील! त्याच गल्लीत दोन मुलांची विधवा आई आहे, तिला हे कुणी म्हणालं नाही. ती आई आहे, तिनं वाढवायचंच, असं सगळ्यांनी धरलेलं. बाईवर सगळं टाकायचं आणि पुरुषाच्या हातून काढून घ्यायचं, या दोन्हींत पुरुषाला मूल सांभाळता येत नाही हेच गृहीत आहे. दादानं लग्न करावं, जरूर करावं, त्याला सोबत हवी असेल तेव्हा. लेकीला सांभाळायला बाई आणायची म्हणून नको.

मे महिन्यात विश्रामबागेतल्या घरी गेले होते. सकाळी दादा पोरीच्या दोन वेण्या घालत होता. भांग वाकडा, एक वेणी सैल. मामीनं सवयीनं फणी घ्यायला हात पुढे केला. पोरगी म्हणाली, "आज्जी, तू नको. बाबा ओढत नाही." मामीनं हात मागे घेतला आणि खाली पडलेली लाल रिबीन उचलून दादाच्या हातात दिली.